सड्यावर न विझवलेला विस्तव : हा गुन्हा कोणत्या कलमात बसतो?

करवंद (धागाकर्ता)

यंदा मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या सड्यावरून, म्हणजे जांभ्याच्या कातळपठारावरून, वणवा उतरला आणि माझ्या मावसभावाच्या बागेतील काजूची त्रेसष्ट कलमे जळाली. गाव संगमेश्वर तालुक्यात आहे. कलमे वेंगुर्ला-७ जातीची आणि सहा वर्षांची होती, म्हणजे नुकती कुठे भरवशाने धरू लागली होती, आणि त्या दिवशी ती बोंडांनी लगडलेली होती. बागेभोवतीची बेणणी, म्हणजे गवत-झुडपांची साफसफाई, डिसेंबरातच झाली होती. परंतु वरून करवंदीची एक पेटती जाळी घरंगळत आली आणि तिने सहा हातांचा साफ केलेला पट्टा सहज ओलांडला.

आग कशी लागली याविषयी गावात कोणाला संशय नाही. आदल्या रात्री चार-पाच जण तंबू ठोकून सड्यावर राहिले होते. सकाळी त्यांनी जांभ्याच्या तीन दगडांची चूल मांडून चहा-पोहे केले आणि नऊच्या सुमारास ते निघून गेले. गुरे घेऊन वर गेलेल्या एका आजोबांनी त्यांना विस्तवावर पाणी घालायला सांगितले होते, तेव्हा "घालतो, घालतो" असे उत्तर मिळाले. दुपारी वारा सुटला आणि गवत पेटले. तलाठ्यांनी नुकसानीचा पंचनामा केला, पोलीस ठाण्यात मात्र "आकस्मिक जळीत" अशी नोंद झाली आणि प्रकरण तेथेच थांबले.

जी आग माणसाने लावली, जी विझवण्याची सूचना त्याला मिळाली आणि जी त्याने तशीच सोडली, ती आकस्मिक कशी? जाणकारांनी कलमांसह सांगावे.

सह्यभ्रमर

वाचून संताप आला. मी वीस वर्षे डोंगरात फिरतो आहे आणि असे लोक दर शनिवार-रविवारी पाहतो. अशांना दहा वर्षे आत टाकल्याशिवाय हे थांबणार नाही. सरळ जाळपोळीचे कलम लावावे आणि जामीनही देऊ नये.

काळा कोट

संताप समजतो, परंतु जाळपोळीचे कलम येथे टिकणार नाही. ते का टिकणार नाही हे पाहिले की धागाकर्त्यांच्या प्रश्नाचे उत्तरही बरेचसे मिळते.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. आगीने केलेली आगळीक, म्हणजे दुसऱ्याच्या मालमत्तेची नासधूस, तिच्या कलम ३२६ मध्ये येते. त्यातील (च) खंडानुसार मालमत्तेचे, त्यात शेतमालही आला, नुकसान केल्यास सात वर्षांपर्यंत कैद आहे, आणि त्यापुढच्या खंडानुसार राहते घर, प्रार्थनास्थळ किंवा माल ठेवण्याची इमारत जाळल्यास जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. परंतु दोन्हींसाठी नुकसान करण्याचा हेतू तरी लागतो, नाहीतर नुकसान होणे संभाव्य आहे याची जाणीव तरी सिद्ध करावी लागते. पोहे खाऊन निघून गेलेल्या मुलांचा काजू जाळण्याचा हेतू होता असे कोणीही म्हणणार नाही. जाणिवेबद्दल वाद घालता येईल, पण तो सरकारी पक्षाला जड जाईल.

राहते कलम २८७, म्हणजे जुन्या दंड संहितेचे कलम २८५. आगीच्या किंवा ज्वालाग्राही पदार्थाच्या बाबतीत बेदरकारपणे किंवा हयगयीने केलेले कृत्य हा त्याचा विषय असून शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही अशी आहे. जुन्या कलमात दंड एक हजार होता. १८६० साली हजार रुपये ही माणसाला धडकी भरवणारी रक्कम होती. दीडशेहून अधिक वर्षांनी ती दुप्पट करण्यात आली, यावर अधिक भाष्य करत नाही.

पोलीस ठाण्यात बहुधा असे सांगितले गेले असेल की कोणाच्या जिवाला धोका नव्हता, म्हणून कलम २८७ लागत नाही. हे उत्तर अनेक ठिकाणी मिळते आणि ते चुकीचे आहे. कलमात मानवी जीवित धोक्यात आणणे याच्या जोडीला दुसऱ्या व्यक्तीला "दुखापत किंवा क्षती" होण्याचा संभव असणे हेही आहे. दुखापत शरीराला होते. क्षतीची व्याख्या मात्र संहितेच्या कलम २ मध्ये वेगळी दिली आहे, आणि तिच्यात शरीर, मन, लौकिक किंवा मालमत्ता यांना बेकायदेशीरपणे पोहोचवलेला कोणताही अपाय येतो. काजूचे कलम ही मालमत्ता आहे. तेव्हा माणूस जवळपास नसला तरी दुसऱ्याची बाग पेटण्याचा संभव असताना हयगयीने आग हाताळणे हा या कलमाखाली गुन्हाच आहे.

एक खाच मात्र लक्षात ठेवावी. कलमाचे दोन भाग आहेत. पहिला भाग केलेल्या कृत्याविषयी आहे आणि त्यात क्षती येते. दुसरा भाग आपल्या ताब्यातील आगीचा पुरेसा बंदोबस्त न करण्याविषयी आहे, आणि त्यात फक्त मानवी जीविताचा धोका मोजला जातो. म्हणून तक्रारीत "विस्तव विझवला नाही" एवढेच लिहिले, तर आरोपीचा वकील तुम्हाला दुसऱ्या भागात ढकलून मोकळा होईल. "मार्च महिन्यात, वाळलेल्या गवताच्या मधोमध, मोकळ्या सड्यावर चूल पेटवली आणि जळता विस्तव मागे ठेवून ते निघून गेले" असे पूर्ण कृत्य लिहावे.

करवंद

वकीलताई, मनःपूर्वक आभार. ठाण्यात अगदी हेच उत्तर मिळाले होते, "माणूस मेलाय का कोणी?" एक शंका आहे. आजोबांनी बजावल्यानंतरही विस्तव तसाच ठेवणे आणि मुळातच ध्यानात न येणे, या दोहोंत कायदा काही फरक करतो का?

काळा कोट

शब्दांत करतो, शिक्षेत करत नाही. बेदरकारपणा आणि हयगय हे दोन वेगळे दोष आहेत. १८७२ मधील मद्रास उच्च न्यायालयाच्या एका निकालात यांची फोड केलेली आहे आणि आजही न्यायालये ती उद्धृत करतात. घातक परिणाम होऊ शकतो हे माहीत असून तो होणार नाही अशा आशेवर कृती करणे म्हणजे बेदरकारपणा. आणि जी सावधगिरी बाळगली असती तर हे भान आले असते, ती न बाळगता कृती करणे म्हणजे हयगय. आजोबांच्या सूचनेनंतर ही मुले पहिल्या प्रकारात जातात असे माझे मत आहे. पण कलम २८७ ने दोघांनाही एकाच टोपलीत घातले आहे आणि त्या टोपलीची कमाल मर्यादा सहा महिने आहे. त्यावरची पायरी एकदम सात वर्षांची, तीही जाणीव सिद्ध झाली तर. मधली पायरी नाही.

मृत्यू झाला तर चित्र बदलते. हयगयीने मृत्यू घडवल्यास कलम १०६ नुसार पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जुन्या ३०४-अ मध्ये ती दोन वर्षे होती. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी ५९ माणसे गेली, तरी मालकांवर दोन वर्षांचेच कलम लागू शकले. मुंबईतील कमला मिल आवारातील डिसेंबर २०१७ च्या आगीत १४ जण दगावले, तेव्हा पोलिसांनी सदोष मनुष्यवधाचे कलम लावले.

सॅक्रामेंटोकर

ही मधली पायरी येथे कॅलिफोर्नियात आहे, म्हणून लिहितो. येथील दंड संहितेच्या कलम ४५१ मध्ये हेतुपुरस्सर जाळपोळ येते आणि कलम ४५२ मध्ये बेदरकारपणे लावलेली आग येते. मोठा आणि असमर्थनीय धोका आहे याची जाणीव असतानाही तो जाणूनबुजून दुर्लक्षित करणे, आणि सामान्य शहाण्या माणसाच्या वागण्यापासून हे वर्तन फारच दूर असणे, अशी बेदरकारपणाची व्याख्या आहे. दारूच्या नशेत धोका कळला नाही, ही सबब चालत नाही. शिक्षा नुकसानीप्रमाणे चढत जाते : दुसऱ्याची साधी मालमत्ता जळाली तर तो किरकोळ गुन्हा ठरतो, जंगल किंवा इमारत जळाली तर कैद तीन वर्षांपर्यंत, राहते घर जळाले तर चार, आणि कोणाला गंभीर इजा झाली तर सहा वर्षांपर्यंत जाते.

सप्टेंबर २०२० मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियातील युकायपा गावाजवळच्या उद्यानात एका कुटुंबाने होणारे बाळ मुलगा की मुलगी हे जाहीर करण्यासाठी वाळलेल्या गवतात रंगीत धुराचे नळकांडे पेटवले. त्यांनी बाटलीतल्या पाण्याने आग विझवण्याचा प्रयत्नही केला होता. ती आग २२ हजार एकरांवर पसरली आणि एक अग्निशामक मृत्युमुखी पडला. २०२४ मध्ये पतीने मनुष्यवधाचा आणि बेदरकार आगीचा गुन्हा कबूल केला, तेव्हा त्याला एक वर्षाचा स्थानिक तुरुंगवास, दोन वर्षांची परिवीक्षा (तुरुंगाबाहेर, पण देखरेखीखाली राहणे) आणि २०० तासांची समाजसेवा अशी शिक्षा मिळाली. पत्नीला ४०० तासांची समाजसेवा सांगितली गेली आणि सुमारे १८ लाख डॉलरची भरपाई ठरली. म्हणजे कलमात वर्षे असली तरी पदरात किती पडतात हा वेगळाच विषय आहे. शेजारच्या ओरेगनमध्ये २०१७ साली फटाका फेकून जंगल पेटवणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलाला तुरुंगात न पाठवता पाच वर्षांची परिवीक्षा, १,९२० तासांची समाजसेवा आणि ३ कोटी ६६ लाख डॉलरची भरपाई सुनावली गेली. ती रक्कम तो आयुष्यभर फेडू शकणार नाही हे न्यायाधीशांनाही दिसत होते, म्हणून त्यांनी हप्त्यांची आणि मुदतीची सोय ठेवली.

आणि मोठ्यांचे काय होते, तेही ऐका. २०१८ मध्ये पॅराडाइज नावाचे गाव जळाले, त्यामागे वीज कंपनीची जुनी वाहिनी होती. कंपनीने २०२० मध्ये मनुष्यवधाचे ८४ आरोप कबूल केले. तिला सुमारे ३५ लाख डॉलर दंड झाला, कारण कायद्यात त्याहून अधिक दंडच नव्हता, आणि तुरुंगात कोणीच गेले नाही.

सह्यभ्रमर

म्हणजे तिकडेही एकच वर्ष! मग माझे दहा वर्षांचे म्हणणे मी अर्ध्यावर आणतो. पण मधली पायरी हवीच.

तळकोकणी

बाहेरच्या चुलीवर सगळा राग काढण्याआधी आपल्या हातातील आगीकडेही पाहावे, असे मला वाटते. मी दर वर्षी राब भाजतो. टहाळ, पातेरा, शेण आणि गवत यांचे थर घालून वर माती पसरायची आणि मग पेटवायचे, हे तरव्यासाठी, म्हणजे भाताच्या रोपांसाठी, आम्ही पिढ्यानपिढ्या करत आलो आहोत. माझे वडील सांगत की राब पेटवायचा तो वारा पडल्यावर, वाऱ्याच्या उलट अंगाने, म्हणजे आग वाऱ्याच्या तोंडावर हळूहळू सरकत जाते आणि पाठीवर वारा घेऊन धावत नाही. कडेने हातभर रुंदीची जमीन आधी खरवडून घ्यायची, ओल्या टहाळाच्या झोडण्या आणि पाण्याची कळशी जवळ ठेवायची, आणि शेवटचा धूर विरेपर्यंत तेथून हलायचे नाही.

असे असूनही एका वर्षी आमच्याच राबाची ठिणगी बांधापलीकडे गेली आणि शेजाऱ्याची गवताची गंजी जळाली. वडिलांनी त्याच संध्याकाळी स्वतः जाऊन सांगितले आणि पावसाळाभर त्याच्या गुरांना आमचा पेंढा दिला. आज तसे झाले तर मला सहा महिने व्हावेत काय? आणि जो सकाळी अकराला, वारा भरात असताना, काडी लावून बाजाराला निघून जातो, त्यालाही तेवढेच व्हावेत काय?

काळा कोट

तळकोकणींनी जे लिहिले आहे त्याला न्यायालयात फार किंमत आहे. हयगय झाली की नाही हे ठरवताना, त्या परिस्थितीत त्या कामातील समंजस माणसाने काय केले असते, हेच पाहिले जाते. वारा पडल्यावर, उलट अंगाने, कडा खरवडून, पाणी जवळ ठेवून आणि शेवटपर्यंत उभे राहून पेटवलेला राब, हा तुमच्या भागातील काळजीचा मापदंड आहे. एवढे केल्यावरही ठिणगी उडाली, तर तो अपघात म्हणता येईल. दिवाणी भरपाईचा प्रश्न उरेल, फौजदारी गुन्हा सहसा उरणार नाही. अकरा वाजता काडी लावून निघून जाणारा त्या मापदंडाच्या कितीतरी खाली आहे. उद्या साक्षीसाठी माणूस लागला, तर मी तुमच्या वडिलांच्या वयाचा शेतकरी शोधेन, तज्ज्ञाचा दाखला नव्हे.

बीट क्र. ४

वनखात्यातून निवृत्त आहे. आमच्याकडे १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम मानला जातो, आणि त्याआधी जाळरेषा काढून, म्हणजे ठरावीक पट्ट्यातील गवत आम्हीच जाळून, तयारी करावी लागते. भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ नुसार राखीव वनाला आग लावणे, तसेच वनाला धोका होईल अशा रीतीने विस्तव पेटवणे किंवा जळता सोडून जाणे हे वेगवेगळे शब्द वापरून गुन्हा ठरवले आहे, तेव्हा आमच्या कायद्यात "विझवले नाही" एवढेही पुरते. मूळ शिक्षा सहा महिने किंवा ५०० रुपये अशी होती, पुढे निरनिराळ्या राज्यांनी आपापल्या दुरुस्त्या केल्या. अभयारण्यात हेच केले, तर वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या कलम ३० चा भंग होतो आणि शिक्षा तीन वर्षे किंवा एक लाख रुपये यांपर्यंत जाते. एकच चूल, पण हद्दीचा दगड कोणत्या बाजूला आहे यावर कायदा बदलतो. रत्नागिरी जिल्ह्यात वनखात्याच्या ताब्यातील जमीन फारच थोडी असून बहुतेक डोंगर मालकीचे आहेत, त्यामुळे धागाकर्त्यांच्या सड्यावर आमचा वनरक्षक गुन्हा नोंदवूच शकला नसता.

वन अधिनियमाच्या त्याच कलम २६ मध्ये एक पोटकलम आहे, ज्याविषयी बाहेर कोणी बोलत नाही. राखीव वनात मुद्दाम किंवा घोर हयगयीने आग लागली, तर राज्य सरकार त्या वनातील चराईचे आणि वनोपजाचे हक्क हवे तितका काळ स्थगित करू शकते. आरोपीला शिक्षा झाली असली तरीही. म्हणजे विस्तव एकाचा आणि उपाशी गुरे सगळ्या गावाची. शिवाय कलम ७९ नुसार वनात हक्क असलेल्या माणसाने आग विझवायला आले पाहिजे, न आल्यास एक महिना कैद किंवा २०० रुपये दंड. नोकरीत असताना हे पोटकलम गावसभेत वाचून दाखवायचा मला आदेश असे, आणि ते वाचताना मी मान वर करत नसे. मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाला जाळणाऱ्या बाईला यातून धाक बसत नाही, तिला खात्याचा राग तेवढा येतो. जेथे जंगल गावाच्या हातात आले तेथे मी वेगळे चित्र पाहिले आहे. गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला. आपले म्हटलेले जंगल विझवायला कलम ७९ वाचून दाखवावे लागत नाही.

आता कामाचे सांगतो. वणव्याचे प्रकरण शिक्षेअभावी पडत नाही, ते पुराव्याअभावी पडते. आग कोठून निघाली हे जमीन सांगते, पण पहिला पाऊस पडेपर्यंतच. दगडाच्या ज्या अंगावर आग चालून आली ते अंग काळवंडते आणि पाठीमागचे अंग स्वच्छ राहते. असे दहा-बारा दगड पाहत उलट चालत गेले की माणूस उगमापाशी पोहोचतो. उगमाजवळ आग लहान आणि संथ असते, म्हणून तेथे गवताची बुडखे अर्धवट जळालेली सापडतात. करवंद यांनी सड्यावर जाऊन हे पाहिले आहे काय?

वारणाकाठ

आमच्याकडे उसाचे हेच दुखणे आहे. शेजारी पाचट पेटवतो आणि आपला तोडणीला आलेला फड भडकतो. मग जळीत ऊस म्हणून कारखाना कपात करतो, आणि तोड लवकर मिळाली नाही तर वजनही घटते. तक्रार करायला कोणी जात नाही, कारण पुढच्या वर्षी पाण्याची पाळी त्याच्याच बांधावरून यायची असते.

करवंद

बीट क्र. ४ यांचा प्रतिसाद वाचून काल सकाळी मावसभावाला घेऊन वर गेलो होतो. चूल अजून जागेवर आहे. जांभ्याचे तीन दगड आतल्या अंगाने काळे पडले आहेत, मध्ये राख आहे, आणि चुलीच्या पूर्वेला दोन-तीन हातांपर्यंत गवताची बुडखे खरोखरच अर्धवट जळालेली दिसतात. पश्चिमेकडचे गवत मात्र तसेच उभे आहे. त्यापुढचे सगळे दगड चुलीकडच्या अंगाने काळे आहेत. राखेत पोह्यांच्या पुडक्याचा वितळलेला कोपराही मिळाला. दगड गोणपाटात बांधून खाली आणावेत, असे भाऊ म्हणत होता.

काळा कोट

कृपया एकही दगड हलवू नका. तुम्ही हलवलेला दगड हा पुरावा राहत नाही, तो फक्त दगड राहतो. मोबाइलवर स्थान आणि वेळ दिसेल अशी छायाचित्रे घ्या, आणि पंचांसमक्ष उगमाच्या जागेचा पंचनामा करून मागा. तलाठ्यांचा आधीचा पंचनामा नुकसानीचा आहे, त्यात चुलीचा उल्लेखही नसेल.

प्रक्रियेचे थोडक्यात सांगते. कलम २८७ चा गुन्हा दखलपात्र आहे, त्यामुळे ठाण्याने गुन्हा नोंदवणे बंधनकारक आहे. नकार मिळाल्यास भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज पाठवा. तेथेही दाद लागली नाही, तर प्रतिज्ञापत्रासह दंडाधिकाऱ्यांकडे कलम १७५(३) खाली तपासाचा आदेश मागता येतो. या गुन्ह्याची ठाण्यात नोंद किंवा न्यायालयात तक्रार एका वर्षाच्या आत व्हावी लागते. आरोपी कोण हे ठाऊक नसेल तर ते कळल्याच्या दिवसापासून वर्ष मोजले जाते. "बघू पावसाळ्यानंतर" म्हणण्यात ते निघून जाते.

दोन हजारांच्या दंडाने निराश होऊ नका. शिक्षेत दंड नसेल, तर त्याच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९५ नुसार न्यायालय आरोपीला पीडिताला भरपाई देण्याचा आदेश करू शकते, आणि ती रक्कम दोन हजारांशी बांधलेली नाही. सॅक्रामेंटोकरांनी सांगितलेल्या समाजसेवेची शिक्षा आपल्या नव्या संहितेतही आली आहे, पण ती मोजक्या किरकोळ गुन्ह्यांपुरतीच आहे आणि कलम २८७ त्यांत नाही. खरे तर ती येथे शोभली असती. या मुलांना पुढच्या जानेवारीत त्याच सड्यावर पंधरा दिवस जाळपट्टा काढायला लावणारा न्यायाधीश मला पाहायला आवडला असता.

सह्यभ्रमर

जाळपट्टा काढायला आमच्या गटातील दहा जण येऊ, शिक्षेविनाच. आणि एक माहिती : त्या शनिवारी सड्यावर मुक्काम केल्याची छायाचित्रे एकाने समाजमाध्यमावर टाकली होती, मागे तीन दगडांची चूलही दिसते. नाव येथे लिहीत नाही, करवंद यांना व्यक्तिगत निरोपाने पाठवतो.

काळा कोट

नाव येथे न लिहिण्याचा निर्णय योग्य. ती माहिती थेट तपास अधिकाऱ्याला द्यावी आणि तिचा दिनांक जपून ठेवावा, कारण वर्ष त्या दिवसापासून मोजले जाईल.

करवंद

निरोप मिळाला. चुलीचे दगड जागेवरच आहेत, वर प्लॅस्टिकचा कागद टाकून कडेला दुसरे दगड ठेवले आहेत, कारण दोन दिवसांपासून संध्याकाळी ढग येत आहेत. आजोबा जबाब द्यायला तयार आहेत. फक्त मंगळवारी नको, त्या दिवशी त्यांची म्हैस दाखवायला न्यायची आहे, असे म्हणाले. बुधवारी सकाळी पंचांना घेऊन वर जात आहोत.